भूर्जाचे झाड दुसऱ्यांदा लावताना: रेडिंगमधील एका बागेचे प्रकरण

इंग्लंडमधील रेडिंग येथे आमच्या घरामागे १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद अशी बाग आहे. घर पश्चिमेच्या टोकाला आहे आणि स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेकडे, सरळ बागेवर उघडते. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत बागेत पाऊल टाकणे फारसे होत नाही. बाग पाहायची ती या खिडकीतूनच. २०१६ साली आम्ही येथे राहायला आलो तेव्हा उन्हाळ्यात बाग भरलेली असे आणि हिवाळ्यात मात्र ओली हिरवळ व फिकट तपकिरी लाकडी कुंपण यांखेरीज तेथे काहीही दिसत नसे. बारा महिने पाहण्याजोगे, आणि त्यातही हिवाळ्यात सर्वांत देखणे दिसणारे एक झाड असावे, एवढीच आमची गरज होती. त्या गरजेतून आम्ही पांढऱ्या खोडाचा हिमालयी भूर्ज लावला, तो अडीच वर्षांत गमावला, आणि कारणे शोधून पुन्हा लावला. हे प्रकरण त्या दोन लागवडींचे आहे.

भूर्ज हे झाड पाहिलेले मराठी वाचक थोडे असतील, पण त्याची साल अनेकांनी हाताळलेली असते. भूर्जपत्र म्हणजे याच झाडाची पातळ पापुद्र्यांची साल. माझी आई २०१९ च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून आमच्याकडे आली, तेव्हा तिने खोडावरचा एक सुटलेला पापुद्रा बोटांत धरून पाहिला आणि म्हणाली, "अगं, हे तर आपल्या ताईतातलं भूर्जपत्र!" तिचे म्हणणे बरोबर होते. हिमालयात साधारण ३,००० मीटरच्या वर, जेथे वृक्षांची हद्द संपत येते, तेथे हे झाड वाढते आणि गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना लागणाऱ्या भोजबासा या मुक्कामाचे नावही त्याच्यावरूनच पडले आहे. युरोपातील बागांमध्ये जो प्रकार लावतात त्याच्या शास्त्रीय नावात व्हिक्तोर जाकमाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाचे नाव आहे. त्याने काश्मीर आणि पश्चिम हिमालयात वनस्पतींचे नमुने गोळा केले, १८३२ चा पावसाळा पुण्यात काढला आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला वयाच्या ३१ व्या वर्षी मुंबईत त्याचा अंत झाला. कुंडीला लावलेल्या चिठ्ठीवर ते नाव वाचताना मला दर वेळी या गोष्टीची आठवण होते.

या नावाला व्यवहारातही महत्त्व आहे. हिमालयी भूर्ज पूर्वेकडे, म्हणजे सिक्कीमपासून चीनपर्यंत, तांबूस किंवा तपकिरी सालीचा असतो. काश्मीरपासून पश्चिम नेपाळपर्यंतचा प्रकार पांढऱ्या सालीचा असतो, आणि जाकमाँचे नाव आहे ते या पांढऱ्याला. तथापि बियांपासून वाढवलेली रोपे एकसारखी निघत नाहीत. एक दुधासारखे पांढरे होते, दुसरे मळकट पिवळसरच राहते. म्हणून ज्यांच्या खोडाचा पांढरेपणा सिद्ध झाला आहे अशा निवडक झाडांची कलमे बांधतात आणि त्यांना स्वतंत्र नावे देतात. 'ग्रेजवुड घोस्ट', 'जर्मिन्स', 'सिल्व्हर शॅडो' आणि हॉलंडमधून आलेला 'डोरेनबोस' ही त्यांतील परिचित नावे आहेत. पहिल्या वेळी आम्हाला हे ठाऊक नव्हते. आमच्या रोपाच्या चिठ्ठीवर केवळ जातीचे नाव होते, कलमाचे नव्हते.

पहिली लागवड

नोव्हेंबर २०१८ मध्ये आम्ही एका उद्यानकेंद्रातून अडीच मीटर उंचीचे, मोठ्या कुंडीत वाढवलेले रोप आणले. दक्षिणेकडील कुंपणाजवळचा कोपरा रिकामा होता, म्हणून कुंपणापासून २ मीटरवर खड्डा घेतला. आमची जमीन चिकणमातीची आहे. खड्डा कुंडीच्या आकाराचा, गोल आणि खोल खणला, तळाशी पोत्यातील कंपोस्ट भरले, वर झाड ठेवले, आणि वाऱ्याने हलू नये म्हणून खोडाच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत काठी लावून ते घट्ट बांधून टाकले. मन लावून केलेल्या त्या कामात जवळजवळ प्रत्येक पायरी चुकीची होती, हे तेव्हा कोणाच्याही लक्षात आले नाही.

पहिल्या वसंतात पाने वेळेवर फुटली. ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र शेंड्याकडील पाने पिवळी पडून गळू लागली. पाणी कमी पडत असेल असे समजून आम्ही ते वाढवले. मार्च २०२० मध्ये माझ्या पतींनी खालची एक आडवी फांदी कापली आणि त्या जखमेतून पाच दिवस रस ठिबकत राहिला. भूर्जाची मुळे फेब्रुवारीच्या अखेरीपासून पाने उघडेपर्यंत पाणी जोराने वर ढकलत असतात; त्या काळात कापलेली फांदी अशीच वाहते. अशा गळतीने झाड सहसा मरत नाही, परंतु आधीच दुबळ्या झालेल्या झाडावर तो भार ठरतो. त्या उन्हाळ्यात शेंड्याचा वरचा एक मीटर भाग वाळला, आणि २०२१ च्या मेमध्ये केवळ खालच्या दोन फांद्यांना पालवी फुटली. खोडाची साल तोवर फिकट तांब्याच्या रंगाचीच होती, आणि तिच्या खालच्या मीटरभर भागावर हिरवट शेवाळ चढले होते.

जूनमध्ये झाड काढायचे ठरले. ते उपटून टाकण्याऐवजी मी दोन दिवस घेऊन मुळांभोवतीची माती हाताने मोकळी केली, कारण ते का वाळले हे कळल्याशिवाय दुसरे झाड लावण्यात अर्थ नव्हता. सर्वप्रथम बुंध्याजवळची साल सोलून पाहिली. हनी फंगस या घातक बुरशीने झाड मेले असेल तर सालीखाली पांढरा, अळंबीसारखा वास येणारा थर सापडतो. तसा थर नव्हता. मग मुळे पाहिली, आणि तेथे एकाखाली एक अशा तीन गोष्टी सापडल्या.

पहिली गोष्ट खोलीची. खोड जमिनीत शिरण्याआधी किंचित फुगते आणि तेथूनच मुळे पसरू लागतात. ही फुगीर जागा मातीच्या पातळीवर दिसली पाहिजे. आमच्या झाडात ती १० सेंटिमीटर खाली गाडलेली होती. काही माती कुंडीतच वर चढवलेली होती, आणि खड्ड्याच्या तळातील कंपोस्ट कुजून बसल्यामुळे झाड आणखी खाली गेले होते. भूर्जाची मुळे उथळ असतात आणि त्यांना हवा लागते. गाडलेल्या सालीला सतत ओल लागून ती मऊ पडली होती. दुसरी गोष्ट अशी की मुळे कुंडीत वर्तुळाकार फिरली होती आणि जमिनीत आल्यावरही ती तशीच फिरत राहिली होती. अडीच वर्षांनंतर मी तो मुळांचा गोळा कुंडीच्या आकारातच बाहेर काढला, आणि त्यातील बोटाएवढे जाड एक मूळ बुंध्याभोवती फासासारखे आवळलेले होते. तिसरी गोष्ट खड्ड्याची होती. चिकणमाती ओली असताना फावड्याने कापली की तिची कड लिंपल्यासारखी गुळगुळीत होते. आमचा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेले मडके झाले होते, ज्यात हिवाळ्यात पाणी साचे आणि उन्हाळ्यात मऊ कंपोस्ट कोरडे पडले तरी मुळांना भोवतालच्या मातीत शिरता येत नसे. आम्ही वाढवलेले पाणी याच मडक्यात जात होते.

काठीचा दोष वेगळा होता. खोड वाऱ्यात थोडे हलले तरच ते खाली जाड होते. उंच आणि घट्ट बांधलेले आमचे खोड बुंध्याशी आणि छातीच्या उंचीवर जवळजवळ सारख्याच जाडीचे राहिले होते.

जागेचा हिशेब

मुळांच्या चुका पुस्तकी ज्ञानाने टळल्या असत्या. जागेची चूक मात्र मला खिडकीशी उभे राहूनच कळली, आणि सबंध प्रकरणात मी तीच अधिक महत्त्वाची मानते. पहिले झाड जगले असते तरी ते आमच्या कामाचे ठरले नसते.

पांढरे खोड स्वतः उजळत नाही. त्यावर ऊन पडले तरच ते दिसते. रेडिंग साडेएकावन्न अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे, आणि २१ डिसेंबरला भर दुपारी येथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे मनाने मान्य करायला वेळ लागतो, कारण पुण्यात त्याच दिवशी दुपारी तो सुमारे ४८ अंशांवर असतो. १५ अंशांच्या उन्हात १ मीटर उंच वस्तूची सावली पावणेचार मीटर पडते. आमचे दक्षिणेकडील कुंपण १.८ मीटर उंच आहे, म्हणजे त्याची सावली सुमारे पावणेसात मीटर. कुंपणापासून २ मीटरवर लावलेल्या झाडाचा खालचा सव्वा मीटर भाग डिसेंबरात दुपारीही सावलीत राहणार होता. खोडावर शेवाळ तेवढ्याच उंचीपर्यंत का चढले होते, याचेही उत्तर त्यातच होते.

म्हणून आम्ही बागेच्या दुसऱ्या बाजूला गेलो. दक्षिण कुंपणापासून ७ मीटर, उत्तर कुंपणापासून २ मीटर आणि घरापासून ९ मीटर अशी जागा निश्चित केली. दक्षिणेकडील शेजाऱ्यांच्या अंगणात केवळ हिरवळ आहे, त्यामुळे ऊन अडत नाही. येथे हिवाळ्यातही खोड मुळापर्यंत उजळते, आणि दुपारनंतर सूर्य नैऋत्येला कलला की प्रकाश पाहणाऱ्याच्या उजव्या खांद्यामागून येऊन खोडाच्या समोरच्या बाजूवर पडतो. खरे तर आम्ही तेथे बांबूची उंच काठी रोवून तिला पांढरे कापड गुंडाळले आणि तीन आठवडे ती खिडकीतून, जेवणाच्या टेबलावरून आणि जिन्यावरून पाहिली. एकदा ती अर्धा मीटर सरकवावीही लागली, कारण टेबलावरून पाहताना ती खिडकीच्या चौकटीआड जात होती. हा उपाय फुकटचा आहे आणि कोणतेही मोठे झाड लावण्यापूर्वी तो प्रत्येकाने करावा असे मी आग्रहाने सांगते.

उत्तरेकडील शेजारी आजींशी आधी बोलून घेतले. झाडाची सावली हिवाळ्यात त्यांच्या अंगणात पडणार होती, पण भूर्जाचा पर्णसंभार विरळ असतो आणि हिवाळ्यात पाने नसतातच, हे त्यांना पटले. चिकणमातीत झाडाने पाणी ओढल्याने घराच्या पायाला तडे जाण्याची भीती येथे सगळ्यांनाच असते. ओक किंवा विलोच्या तुलनेत भूर्ज कमी पाणी ओढणाऱ्या झाडांत मोडतो.

पार्श्वभूमीचा प्रश्न कुंपणाचा होता. फिकट तपकिरी फळ्यांपुढे ती पांढरी काठी ढगाळ दिवशी दिसेनाशी होई. आम्ही पूर्वेचे आणि उत्तरेचे कुंपण जवळजवळ काळ्या अशा गडद हिरव्या रंगाने रंगवले. दोन डबे रंग आणि एक शनिवार-रविवार एवढ्याच खर्चात, झाड लावण्यापूर्वीच, बाग पालटून गेली.

दुसरी लागवड

या वेळी 'ग्रेजवुड घोस्ट' हे कलम निवडले. तीन खोडांचा 'डोरेनबोस' मला अधिक आवडतो, पण २ मीटरवर शेजाऱ्यांचे कुंपण असताना तीन खोडांचा विस्तार तेथे मावला नसता. कलमाचा खुंट युरोपातील साध्या भूर्जाचा असतो, त्यामुळे जोडाच्या खालून फुटणारे धुमारे कोवळे असतानाच चोळून काढावे लागतात. रोप मुद्दाम लहान, दीड मीटरचे आणि कुंडीऐवजी उघड्या मुळांचे घेतले. अशी रोपे पानगळीनंतर नोव्हेंबर ते मार्च या काळातच मिळतात, स्वस्त असतात, आणि मुख्य म्हणजे त्यांची मुळे विकत घेण्यापूर्वी डोळ्यांनी पाहता येतात.

लागवड डिसेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यात केली. खड्डा चौकोनी, एक मीटर रुंद आणि मुळांच्या उंचीपेक्षा अधिक खोल नाही असा घेतला. त्याच्या कडा आणि तळ बागकामाच्या काटेरी फोर्कने टोचून खडबडीत केले. खड्ड्यात कंपोस्ट घातले नाही, निघालेलीच माती परत भरली. बुंध्याची फुगीर जागा जमिनीच्या पातळीवर आहे हे आडवी काठी ठेवून तपासले. आधाराची काठी केवळ ५० सेंटिमीटर उंचीची लावली, बांधणी सैल ठेवली आणि ती २०२३ च्या हिवाळ्यात काढून टाकली. वर सालीच्या तुकड्यांचे ७ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन एक मीटर व्यासात पसरले, पण ते खोडाला टेकू दिले नाही.

पहिलाच उन्हाळा कसोटीचा आला. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधील कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि ब्रिटनमध्ये त्याआधी कधी पारा ४० च्या वर गेला नव्हता. ऑगस्टच्या अखेरीस आमच्या भागात रबरी नळीने पाणी घालण्यास बंदी आली. झारीने पाणी घालण्यास परवानगी होती, म्हणून आंघोळीचे निवलेले पाणी साठवून आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन झाऱ्या म्हणजे सुमारे २० लिटर, बुंध्याभोवतीच्या आळ्यात सावकाश ओतले. रोज थोडे पाणी देण्याचा मोह टाळला, कारण त्याने मुळे वरच राहतात. काही पाने करपली, पण शेंडा वाळला नाही.

बारा महिन्यांचे चित्र

२०२५ च्या अखेरीस झाड साडेचार मीटरच्या जवळ पोहोचले आहे. बियांची रोपे आणि कलमे यांत फरक असला तरी कोवळे खोड पहिली काही वर्षे तपकिरीच असते; पांढरा रंग सालीच्या बाहेरच्या पेशींत साठणाऱ्या बेट्युलिन या द्रव्यामुळे येतो आणि तो खालून वर सरकत जातो. आमच्या झाडात तिसऱ्या हिवाळ्यात खालचा एक मीटर पांढरा झाला, आता पांढरेपणा पहिल्या मोठ्या फांद्यांपर्यंत चढला आहे. त्यावर आडव्या बारीक रेघा उमटल्या आहेत. त्या सालीची श्वास घेण्याची छिद्रे आहेत.

हिवाळ्याविषयी वर पुरेसे लिहिले आहे. एप्रिलमध्ये पानांबरोबर पिवळसर तुरे लोंबतात. ते आदल्या शरद ऋतूतच तयार होऊन हिवाळाभर घट्ट मिटलेले असतात, आणि जानेवारीत निळ्या आकाशापुढे फांदीच्या टोकांवर दिसतात. उन्हाळ्यात झाडाचे काम साधे असते, ते विरळ सावली देते. ऑक्टोबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत पाने लोण्यासारखी पिवळी होतात आणि एखाद्या वाऱ्याच्या रात्री बहुतेक गळून जातात. हा मोसम सर्वांत लहान, आणि मला सर्वांत प्रिय आहे.

झाडाखालची लागवड झाड लहान असतानाच केली, कारण उथळ मुळे एकदा पसरली की तेथे खणता येत नाही. फुले ओसरताच पानांसकट काढलेले स्नोड्रॉपचे कंद, हिवाळ्यात फुलणारे गुलाबी सायक्लमेन, आणि खोडाच्या पायाशी काळ्या पानांचे ऑफिओपोगॉन हे गवतासारखे रोप अशी निवड केली. काळ्या पानांवर पांढरे खोड उठून दिसते. मागे, अडीच मीटरवर, लाल-केशरी काड्यांचे डॉगवुड हे झुडूप लावले आहे. केंब्रिजशायरमधील अँगल्सी ॲबी येथील हिवाळी बागेत वाट वळते आणि अचानक पांढऱ्या भूर्जांचे दाट वन समोर येते. तेथे गेल्यावर एका झाडाच्या मर्यादाही समजतात आणि त्याला भोवतालचे रंग कसे सावरतात हेही समजते.

खोडाची निगा थोडी आहे. नोव्हेंबरमध्ये स्पंज आणि कोमट पाणी घेऊन साबणाशिवाय ते पुसायचे, उत्तर बाजूला चढलेले शेवाळ तेवढ्याने जाते. आपोआप सुटलेले पापुद्रे काढले तरी चालतात. चिकटलेले ओढले तर खालची साल उघडी पडून कायमचा तपकिरी डाग राहतो, हे आमच्याकडे येणाऱ्या लहान मुलांना दर वेळी सांगावे लागते. खालच्या फांद्या दर वर्षी एक किंवा दोन, नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच, खोडाशी सपाट न कापता गाठीच्या बाहेरून काढतो. जखमेला काही लावत नाही.

या झाडाचा त्रास नाही असेही नाही. भूर्जाचा पराग येथे एप्रिलमधील ॲलर्जीचे एक प्रमुख कारण आहे आणि माझ्या पतींना तो महिना जड जातो. उन्हाळ्यात मावा या किडीचा चिकट रस खाली पडतो, म्हणून त्याखाली बाक ठेवत नाही.

पुण्याच्या नातलगांनी हे झाड तेथे लावता येईल का, असे विचारले आहे. येणार नाही. त्याला दीर्घ थंड विश्रांती आणि उन्हाळ्यातही थंड राहणारी जमीन लागते, जी महाबळेश्वरलाही नाही. न्यू जर्सीतील मैत्रिणीला मात्र मी वेगळे उत्तर दिले. अमेरिकेत ब्रॉन्झ बर्च बोरर हा किडा पांढऱ्या सालीच्या हिमालयी भूर्जावर प्राणघातक हल्ला करतो. तेथे 'हेरिटेज' नावाचा नदीकाठचा अमेरिकन भूर्ज अधिक टिकतो. त्याची साल पांढरी नसून फिकट गुलाबी-बदामी असते आणि मोठमोठ्या पापुद्र्यांनी सुटते.

येत्या डिसेंबरात दोन फांद्या काढायच्या आहेत. त्यांपैकी पश्चिमेची खिडकीच्या बरोबर समोर येते आणि दीड मीटर उंचीवर खोडाला झाकते. दुसरीविषयी अजून निर्णय झालेला नाही; तिच्यावर जानेवारीत रॉबिन पक्षी येऊन बसतो, आणि तिच्याशी पांढऱ्या खोडाचा काटकोन फार सुरेख दिसतो.